साठ पावलांचं अंतर

कागद तिच्या नावाने झाला, तेव्हा घरात सगळ्यांना हसू आलं होतं.

बियाणं कंपनीच्या माणसाला गावात पिशवीवाला म्हणत, कारण खांद्यावरची पिशवी तो जेवायला बसला तरी उतरवत नसे. तो ओसरीवर पाय दुमडून बसला आणि म्हणाला, "यंदा काकडीच्या बियाण्यासाठी कंपनीला बायकांच्या नावाचे करार हवेत. शिवाय रोजची नोंद ठेवावी लागते. तुमच्यात लिहितं-वाचतं कोण?"

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. ती पदराआड बाळीला पाजत होती. नवऱ्याने चौथीत शाळा सोडलेली, सासूचा अंगठा.

"घ्या," सासू म्हणाली, "काल आली आणि आज मालकीण झाली."

"मालकीण नाही, उत्पादक," पिशवीवाल्याने सांगितलं आणि चार पानं तिच्यापुढे सरकवली.

ती वाचत बसली. एका मांडीवर बाळी, दुसऱ्या मांडीवर कागद. चहा गार झाला तरी तिचं दुसरं पान चाललेलं. नवरा कानकोंडा होऊन पिशवीवाल्याकडे बघून हसत होता, आपली बायको पाहुण्याचा अपमान करते आहे असं वाटून. शेवटी तिने बोट ठेवलं.

"हे नऊ नंबर. पाचशे मीटरच्या आत दुसरी काकडी नको म्हणतात. दादांचं शेत तर साठ पावलांवर आहे."

दादा म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. घरं वेगळी झाली होती, ओसरी एकच होती. तो खांबाला टेकून सुपारी कातरत होता. "मी कशाला काकडी लावतोय? माझी मिरची आहे."

"ते ठीक आहे दादा. पण दोन ओळी लिहून दिल्यात तर..."

अडकित्ता थांबला. नवऱ्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "भावाकडून लिहून घ्यायचं? उद्या आईकडून घेशील, दोन भाकऱ्या वाढल्या म्हणून." मग दादाकडे वळून, "तिचं मनावर घेऊ नको. शिकलेली आहे जरा."

तिने पान उलटलं. चौदा नंबरपाशी तिला राहवेना. "इथे म्हटलंय, करारात लिहिलंय तेवढंच खरं. आधी किंवा नंतर तोंडी झालेलं काही धरणार नाही."

"ते सगळ्याच कागदांत छापून येतं वहिनी," पिशवीवाला म्हणाला. "मी बसलोय ना इथे."

तिने सही केली. पूर्ण नाव, एकही अक्षर न खाता. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या सहीच्या वर छापलेलं काही होतं.

सही केली ती एकाच गोष्टीसाठी. आदल्या वर्षी नवरा खडी क्रशरवर गेला होता, आठ महिने. बाळी झाली तेव्हा तो तिथे होता. परत आला तो भुवयांपर्यंत पांढरा होऊन, आणि पोरीला उचलायला वाकला तर खोकल्याची अशी उबळ आली, की पोरीने किंचाळून आईच्या मानेला मिठी मारली. उन्हाळा लागला की मुकादम पुन्हा ट्रक घेऊन फिरायचा. काकडीचं बी कंपनीने घेतलं, तर त्या ट्रकात चढायचं नाही, एवढं नवराबायकोत ठरलं होतं. ते कुठे लिहिलेलं नव्हतं.

*

मिरचीने दादाला दगा दिला. विहिरीने तळ दाखवला, पानं आक्रसली, झाडं उभ्या जागी काळी पडली. दादाने आठ दिवस कोणाशी धड बोलणं केलं नाही. नवव्या दिवशी ओढ्याच्या पलीकडे त्याच्या रानात तिला दुपानी कोंब दिसले. ती बांधावर उकिडवी बसली. ते पान ती झोपेतही ओळखली असती.

घरी येऊन तिने नवऱ्याला सांगितलं. तो लगेच गेला नाही. बादलीला दोर बांधत बसला, सोडला, पुन्हा बांधला.

"जाताय ना?"

"जातो म्हटलं ना. त्याचं पीक मेलंय. मेलेल्याच्या दारात जाऊन काय सांगू, दुसरं पण उपट म्हणून?"

गेला तेव्हा ती मागे उभी राहिली.

"अरे, दीड महिन्याचं पीक," दादा म्हणाला. "माझं पोट कशावर? फुलायच्या आधी बघू काहीतरी. तुझ्या पोटावर पाय देईन का मी?"

"बघितलंस?" परत येताना नवरा म्हणाला. "भाऊ आहे तो."

दुसऱ्या दिवशी पिशवीवाला आला. तिने त्याला हाताला धरून नेल्यासारखं बांधापर्यंत नेलं. त्याने डोळ्यांवर हात धरून पलीकडे बघितलं.

"तुम्ही कळीला कापूस बांधणार ना?"

"एकेक."

"मग तिकडचा पराग घेऊन माशी आत शिरणार कुठून? अंतर बिंतर कागदावरचं असतं वहिनी. गेल्या साली वळणावरच्या शेताला तीस मीटर होतं, माल घेतलाच की. चालेल. मी बघून घेतो."

रात्रीच्या स्वयंपाकाआधी तिने कंपनीची नोंदवही काढली. दिवस अकरावा. पाणी दिले. तण काढले. मग जरा थांबून लिहिलं: पूर्वेला साठ पावलांवर दुसरी काकडी दिसली, कंपनीच्या साहेबांना दाखवली, साहेब म्हणाले चालेल. वाचून बघितलं. जीव भांड्यात पडला. तोंडी झालेलं आता लेखी झालं होतं.

*

फुलं लागली आणि दिवसाला दोनच टोकं उरली.

संध्याकाळी मादीच्या ओळीतून वाकून जायचं. उद्या उमलणारी कळी बोटाला जराशी ढिली लागते, परवाची मुठीसारखी घट्ट. उद्याचीचं तोंड कापसाच्या पापुद्र्याने बांधायचं. मादीच्या वेलावर नराची कळी दिसली की खुडून टाकायची, एकही सुटता कामा नये. उजाडता उजाडता पुन्हा तीच ओळ: नराचं फूल घ्यायचं, पाकळ्या सोलायच्या, आतली पिवळी भुकटी मादीच्या फुलाला टेकवायची, पुन्हा कापूस, आणि देठाला लाल दोरा. ऊन चढलं की फूल मान टाकतं. मग त्या फुलाचा दिवस गेला.

वेलाची लव बोटांत रुतायची. नखांच्या कडा हिरव्या-काळ्या झाल्या. बाळी बांधावरच्या झोळीत रडायला लागली की तिचं पोलकं आपोआप ओलं व्हायचं, आणि ती ओळ संपेपर्यंत तशीच वाकून राहायची. "आले गं, आले माझी चिऊ, एवढी एकच," ती तोंडाने म्हणत राहायची, आणि एवढी एकच नंतर आणखी सतरा असायच्या. नवरा विहिरीवरून डबे आणून वेलांच्या बुडाशी ओतायचा. दोघांमध्ये बोलणं म्हणजे "सरक" आणि "झालं". तरी एकदा त्याने तिच्या पाठीतून मूठ फिरवली, मणका मणका दाबत, कोणी बघत नाहीसं बघून. त्या सकाळी तिला क्रशरचा खोकला ऐकू आला नाही.

दादाची काकडी फुलली. ती कोणी उपटली नाही.

"काकड्यांची लग्नं लावतेस होय गं?" थोरली जाऊ ओढ्यापलीकडून म्हणाली. "आमच्या बघ, आपल्या पळून जाऊन करतात."

तिला हसू आलं. मग ते विरलं. "जाऊबाई, दादा म्हणाले होते फुलायच्या आधी..."

"त्यांना विचार बाई. मी काय, सांगितलं तिथे वाकणारी."

तिने नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, पिशवीवाला चालेल म्हणालाय, मग भावाच्या दारात पुन्हा तोंड कशाला वेंगाडू. तेही तिला पटलं. पटवून घेतलं.

*

तपासणीचा साहेब आला तेव्हा दोरे बांधलेली फळं पिवळी पडायला लागली होती. बरोबर मोजायची फीत ओढणारा माणूस होता. पिशवीवालाही होता, पण तो गाडीजवळच थांबला, चाकाला काहीतरी झाल्यासारखा चाकाकडे बघत.

साहेबाने वेलांकडे बघितलंही नाही. बांधावर उभं राहून फीत ओढायला लावली. फीत ओढ्यात उतरली, पलीकडे चढली, दादाच्या पहिल्या वेलाला जाऊन टेकली.

"अठ्ठेचाळीस," तिकडून आवाज आला.

"कलम नऊ," साहेब लिहिता लिहिता म्हणाला. "प्लॉट नामंजूर."

"साहेब, एक फळ तरी फोडून बघा," ती म्हणाली. "बी बघा. प्रत्येक कळी बांधलेली आहे."

"बी बघायचा प्रश्न येतच नाही बाई." त्याने वरची प्रत टरकन फाडून तिच्या हातात दिली. "हरकत असेल तर शहरातल्या ऑफिसात या. सोमवारी."

*

ऑफिसात पंखा होता आणि गार पाणी होतं. कंपनीचा वकील पिकल्या केसांचा, मऊ आवाजाचा माणूस. त्याने बाळीसाठी खुर्चीवर जागा करून दिली, चष्मा पुसला आणि करार तिच्यापुढे ठेवला.

"वाचलात का हा सही करण्याआधी?"

"सगळा वाचला."

"छान. फार थोडे लोक वाचतात." त्याला खरंच बरं वाटलेलं दिसलं. "मग नऊ नंबर माहीत होतं."

"हो. पण तुमचे साहेब म्हणाले चालेल." तिने मागे बसलेल्या पिशवीवाल्याकडे बोट केलं. आज पिशवी त्याच्या मांडीवर होती.

"म्हणालात तुम्ही असं?"

"बोलण्यात काहीतरी आलं असेल सर. आठवत नाही."

"आठवत नाही कसं?" नवरा अर्धवट उठला. "बांधावर उभं राहून..."

"बसा," वकील म्हणाला. "ते म्हणाले असतील असंच धरू आपण. तरी फरक पडत नाही. चौदा नंबर. तोंडी बोलणं धरायचं नाही असं दोघांनी मिळून ठरवलंय. तुमच्यावर अविश्वास नाही हो. उद्या प्रत्येकजण येऊन सांगेल, आमचं असं बोलणं झालं होतं. मग कागद करायचाच कशाला?"

तिला हे समजलं. समजलं याचंच वाईट वाटलं. असंच तर ती ओसरीवर म्हणाली होती.

"वळणावरच्या शेताला गेल्या साली तीस मीटर होतं. माल घेतलात."

"सवलत दिली. पंधरा नंबर बघा. कंपनीने एकदा सवलत दिली म्हणजे हक्क सोडला असं होत नाही." मग आवाज आणखी उतरवून, "गेल्या वर्षी बी कमी पडत होतं. यंदा गोदामात पाय ठेवायला जागा नाही. पण ते काही मी बोललो नाही."

तेव्हा तिने आपल्या पिशवीतून नोंदवही काढली. येताना बसमध्ये ती वही तिने बाळीपेक्षा घट्ट धरली होती. अकरावा दिवस उघडून वकिलापुढे फिरवला. "हे तोंडी नाही. हे लिहिलेलं आहे. त्याच दिवशी."

वकिलाने दोनदा वाचलं. चष्मा काढला.

"हे कोणी लिहिलं?"

"मी."

"खाली साहेबांची सही आहे का?"

"नाही."

"मग हे तुमचं म्हणणं झालं, तुमच्याच वहीत. कंपनीला लेखी कळवायचं ते सात दिवसांत, या ऑफिसात. अकरा नंबर. तुम्ही कळवलं नाही. पण..." तो थांबला. सांगायचं त्याच्याही जिवावर आलं होतं. "बाई, वही आणली नसतीत तर मी वर एवढं तरी लिहिलं असतं, की शेजारचं पीक उत्पादकाच्या लक्षात आलं नाही. तीन हिश्श्यांत एक हिस्सा माल घ्यायची सोय आहे अशा वेळी. आता तुम्हीच लिहून दिलंत, की अकराव्या दिवसापासून माहीत होतं." त्याने ते पान यंत्रात घालून नक्कल काढली आणि वही नीट मिटून तिला परत दिली.

बाळीने खुर्चीवर पाणी केलं होतं. तिने पदराने पुसलं. वकील म्हणाला, राहू द्या हो, पोरंच ती.

*

बसमधून उतरून पायवाटेला लागल्यावर नवरा बोलला, पुढे चालता चालता, मागे न बघता.

"कोणी सांगितलं होतं वहीत लिहायला?"

"मला वाटलं लेखी असलं की..."

"तुला वाटलं. एक हिस्सा तरी हातात पडला असता. क्रशर टळला असता यंदाचा." त्याने थुंकून घसा मोकळा केला. "इतके दिवस मला वाटायचं, बायको शिकलेली आहे, मला कोणी फसवणार नाही. फसवायला दुसऱ्या कोणाची गरजच पडली नाही."

तिने बाळीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. तिला त्याला काही सांगायचं होतं, पण बाळीचं तोंड तिच्या गळ्याशी ओलं ओलं लागलं आणि तिने ते पुसत वेळ काढला.

घरी सासू दारातच होती. बातमी तिच्याआधी पोचली होती. "आमच्या सात पिढ्यांनी अंगठे दिले," ती म्हणाली, "जमीन जागेवर राहिली."

नवरा ओसरीवरून तसाच दादाच्या चुलीपर्यंत गेला. "फुलायच्या आधी बघू म्हणाला होतास."

दादा जेवत होता. घास थांबला नाही. "तुझी बायको लिहून मागत होती तेव्हा कोण म्हणालं, भावाभावांत कागद नको? दिलं असतं मी लिहून. तेव्हा तुला लाज वाटली. आता माझं बोलणं कागदासारखं का धरतोस?" आणि पाण्याचा तांब्या उचलत, "बस, जेव."

तो बसला. जेवला. ती उंबऱ्याच्या अलीकडून बघत होती.

*

सतरा नंबरप्रमाणे तीन दिवसांत वेल उपटायचे, कंपनीच्या माणसासमोर. फळ विकायचं नाही, खायचं नाही, जनावराला घालायचं नाही; वाण कंपनीचा. माणूस सकाळी आठला आला, तपासणीच्या वेळी फीत ओढणाराच. खड्डा आदल्या दिवशी खणून ठेवला होता.

दादा आणि जाऊही आले. उपटायला हात लागतातच. कोणी बोलावलं नव्हतं, कोणी नको म्हटलं नाही. जाऊने पहिला वेल ओढला तेव्हा लाल दोरे जमिनीवरून सळसळत गेले. "एवढे गं कधी बांधलेस," ती पुटपुटली, आणि पुढच्या वेलाला हात घातला.

ती फळं विळीवर दोन फाका करून खड्ड्यात टाकत होती. फाकीफाकीत बी दाटून बसलेलं, टपोरं, सारखं. एकदा तिने फाक नवऱ्यापुढे धरली. "बघा तरी." त्याने तिच्या हातून घेतली, बघितली नाही, खड्ड्यात टाकली.

दुपारपर्यंत रान उघडं झालं. कंपनीच्या माणसाने फोटो काढले: खड्ड्याचा, रानाचा, माणसांसकट रानाचा. मग झोळीकडे बघून थांबला.

"ती पण टाका."

बाळीच्या हातात फाक होती. दात येत होते तिला. जाऊने कधी दिली कोणाला कळलं नव्हतं. कोवळ्या हिरड्यांनी तिने बियांचा गर गळ्यापर्यंत माखून घेतला होता.

"पोर आहे हो," जाऊ म्हणाली.

"मला काय, दिली असती. पण फोटोत यायला नको. वर विचारतात."

ती झोळीशी वाकली. बाळी तिला बघून हसली आणि फाक तिच्याच तोंडाला लावायला गेली. तिने एकेक बोट सोडवलं. हनुवटीला चिकटलेल्या बिया नखाने काढल्या, तळहातावर मोजून बघितल्यासारखी क्षणभर थांबली, आणि सगळं खड्ड्यात नेऊन टाकलं. पोरीचा आवाज आधी फुटलाच नाही. मग असा फुटला, की ओढ्यापलीकडच्या बैलाने मान वर केली. दादाने माती लोटायला फावडं घेतलं.

माणसाने गाडीच्या टपावर कागद पसरला. उत्पादकाने स्वतःच्या खुशीने पीक नष्ट केले, कंपनीबद्दल तक्रार नाही. तिने वाचला. पाठीशी नवरा उभा होता. तिला वाटलं, काय लिहिलंय असं तो विचारेल. त्याने विचारलं नाही. तिने सही केली, पूर्ण नाव.

"दोन साक्षीदार हवेत. अंतर अठ्ठेचाळीस मीटर होतं आणि पीक समोर उपटलं, एवढ्यासाठी."

दादाने हात धोतराला पुसले. सहीपुढे रकाना होता, उत्पादकाशी नातं. त्याने जरा विचार केला आणि लिहिलं: शेजारी. सही ठोकली आणि पेन भावाच्या हातात दिलं.

नवऱ्याला लिहायला नेहमी वेळ लागे. त्याने आधी आपलं नाव काढलं, पाटीवर काढतात तसं. रकान्याशी आला. वरच्या ओळीत बघितलं. मग तिच्याकडे बघितलं, सरळ, त्या सोमवारनंतर पहिल्यांदा; ती रडत्या बाळीला खांद्यावर थोपटत अगदी जवळ उभी होती, कागद तिला स्पष्ट दिसत होता आणि ते त्याला माहीत होतं. त्याने पेन खाली टेकवलं आणि भावाचं अक्षर बघून बघून, काना, मात्रा न चुकवता, तेच लिहिलं.

कंपनीच्या माणसाने कागद घडी करताना नजर टाकली नाही. "बरोबर आहे ना सगळं, बाई? एकदा बघून घ्या. नंतर बदलता येत नाही."

"बरोबर आहे," ती म्हणाली.

गाडी गेली. मुकादमाचा ट्रक शुक्रवारी यायचा होता. नवरा डबे गोळा करून विहिरीकडे चालू लागला आणि ती उघड्या रानात मातीवर बसली, पोलक्याची गाठ सोडली, आणि बाळीने हुंदका अर्ध्यावर तोडून तोंड लावलं.